कोंड्याचा मांडा, तुसाचा दिवा



गेल्या महिन्यात मी नातवाला घेऊन कोपऱ्यावरच्या मकोलेतमध्ये गेले होते. दोनशे शेकेलची नोट पुढे केली, तर तिथे नवीनच लागलेल्या पोराने ती गल्ल्याजवळच्या जांभळ्या दिव्याखाली धरली. साध्या उजेडात जिथे काहीच दिसत नव्हतं तिथे खुणा चमकायला लागल्या. नातू नऊ वर्षांचा. त्याला वाटलं नोटेच्या आत बॅटरी आहे. "सवता, हिला चार्ज कुठे करतात?" त्याने विचारलं, आणि दुकानातली सगळी माणसं हसली.

मी हसले नाही, कारण प्रश्न चांगला होता. मी बावीस वर्षं एका शाळेच्या लॅबमध्ये मदतनीस होते. काचेची भांडी धुणं, आम्लाच्या बाटल्या कुलपात ठेवणं, मास्तरांचा प्रयोग फसला की निस्तरणं, ही माझी कामं. मी काही शास्त्रज्ञ नाही. पण बाटल्या धुता धुता कानावर पुष्कळ पडलं, आणि आता निवृत्तीत वाचायला वेळच वेळ. त्या नोटेपासून आमच्या घरात जे बोलणं सुरू झालं ते शेवटी रेवदंड्याजवळच्या आमच्या गावच्या भाताच्या गिरणीपर्यंत जाऊन पोचलं. तेच आज सांगते.

आधी मुलांसाठी. नोटा तपासायचा छोटा जांभळा टॉर्च बाजारात मिळतो. घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर घ्या, टॉर्च कुणाच्याही डोळ्यांत मारू नका, आणि स्पिरिट वापरताना जवळपास काडी पेटवू नका. अंधाऱ्या खोलीत दोन पेले ठेवा. एकात पाणी, दुसऱ्यात जखमेवर लावायचं स्पिरिट. दोन्हींत चिमूटभर हळद टाका आणि टॉर्च मारा. पाण्यातली हळद मख्ख बसून राहते. स्पिरिटमधली हिरवट पिवळी चमकून उठते. तिसऱ्या पेल्यात टॉनिक वॉटर घाला, ते निळं दिसेल, कारण त्यात क्विनीन असतं. क्विनीन म्हणजे आपल्या वडीलधाऱ्यांचं कोयनेल! हिवताप आला की जे घेताना तोंड वाकडं व्हायचं, तेच. १८५२ साली जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने याच क्विनीनच्या पाण्याचा अभ्यास केला आणि या चमकण्याला 'फ्लुओरेसन्स' असं नाव दिलं.

होतं काय, तर टॉर्चमधून आपल्याला न दिसणारा अतिनील प्रकाश येतो. त्याच्या जोरावर पदार्थातले इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर चढतात. तिथे त्यांना फार वेळ राहता येत नाही. खाली उतरताना थोडी शक्ती उष्णतेत जाते आणि उरलेली प्रकाश होऊन बाहेर पडते. तो प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसतो. एल.ई.डी. दिव्यात हेच काम टॉर्चऐवजी वीज करते. म्हणून नोटेला चार्ज करावं लागत नाही, जांभळा दिवाच तिला तेवढ्यापुरता देतो आणि ती लगेच परत करते.

नातवाचं एवढ्याने भागलं नाही. "मग हा रंग बनवतात कशाचा?"

इथून गोष्ट मोठी होते. आजकाल भारी टी.व्ही.च्या जाहिरातीत 'क्वांटम डॉट' हे शब्द येतात. डॉट म्हणजे ठिपका, पण इतका बारीक की आपल्या नेहमीच्या मापात सांगणंच कठीण. सहा मिलिमीटर लांबीचा तांदळाचा एक दाणा घ्या. त्याच्या लांबीवर तीन नॅनोमीटरचे ठिपके एकाला एक लावून ठेवले तर वीस लाख मावतील. या ठिपक्यांची गंमत अशी की पदार्थ तोच, पण ठिपक्याचं माप बदललं की रंग बदलतो. कीर्तनातला तबला-डग्गा आठवा. लहान तोंडाचा तबला उंच बोलतो, मोठा डग्गा खर्जात बोलतो. तसंच लहान ठिपका निळा, त्याहून मोठा हिरवा, आणखी मोठा लाल. या शोधासाठी २०२३ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मुंगी बावेंडी, लुई ब्रुस आणि अलेक्सी येकिमोव या तिघांना मिळालं.

पण या तेजात एक काळी बाजू आहे. सुरुवातीचे उत्तम ठिपके कॅडमियम नावाच्या धातूचे होते, आणि कॅडमियम विषारी आहे. किती, ते जपानला विचारावं. तिथे तोयामा प्रांतात जिन्झू नावाची नदी आहे. वरच्या अंगाला खाण होती, तिच्यातलं कॅडमियम नदीत उतरायचं. नदीचं पाणी भातशेतीला, शेतातला भात पोटात. वर्षानुवर्षं हे चाललं. माणसांची, त्यातही वयस्कर बायकांची, हाडं इतकी ठिसूळ झाली की खोकल्यानेसुद्धा मोडायची. त्या दुखण्याचं नावच पडलं 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'. १९६८ साली जपान सरकारने हा रोग प्रदूषणाने होतो असं अधिकृतपणे मान्य केलं. युरोपात विजेच्या उपकरणांतल्या कॅडमियमवर २००६ पासून कडक मर्यादा आहे.

तर मग उजेड हवा पण विष नको, यासाठी शास्त्रज्ञ दुसरे पदार्थ शोधू लागले. कुणी इंडियमकडे वळले, पण तो धातू दुर्मीळ. मग आठवण झाली सिलिकॉनची. वाळूत, दगडात, मातीत सगळीकडे आहे, विषारी नाही. फक्त एक अडचण. सिलिकॉन एरवी प्रकाश देण्याच्या बाबतीत अगदी आळशी. १९९० साली इंग्लंडमधल्या माल्व्हर्न इथे ली कॅनहॅम यांनी दाखवलं की सिलिकॉनला आम्लाने खाऊ घालून स्पंजासारखं सच्छिद्र, अतिबारीक केलं तर तेही तांबूस नारिंगी चमकतं.

आणि २०२२ साली जपानच्याच हिरोशिमा विद्यापीठातून बातमी आली. केन-इची साइतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असं चमकणारं सिलिकॉन काढून त्याचा एल.ई.डी. दिवा बनवला. सिलिकॉन कुठून काढलं? भाताच्या तुसातून!

हे वाचलं तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवला. तूस म्हणजे काय हे इथल्या मुलांना सांगावं लागेल. भाताच्या दाण्यावर एक कडक, खरखरीत टरफल असतं, ते तूस. त्याच्या आतला पातळ पापुद्रा म्हणजे कोंडा. कोंडा गुरं खातात, गरिबीत माणसंही खात, त्यावरूनच 'कोंड्याचा मांडा करणं' हा वाक्प्रचार आला. पण तुसाचा मांडा कुणी करत नाही. गुरं तोंड लावत नाहीत, लवकर कुजत नाही, वाऱ्याने उडून डोळ्यांत जातं. आमच्या गावात गिरणीच्या मागे तुसाचा डोंगर असायचा. आम्ही पोरं त्यावरून घसरायचो आणि घरी आल्यावर अंगभर खाज सुटायची. आई ओरडायची, "पुन्हा त्या तुसात गेलात तर घरात घेणार नाही."

ती खाज कशाची होती हे मला पंचाहत्तरीत कळलं. भाताचं रोप पाण्यात विरघळलेली सिलिका मुळांनी वर ओढतं आणि तुसात नेऊन साठवतं. सिलिका म्हणजे वाळूतला आणि काचेतला पदार्थ. दाण्याभोवती रोप जणू काचेचं चिलखत घालतं, किडीपासून आणि बुरशीपासून बचाव म्हणून. तुसाच्या वजनाचा जवळजवळ पाचवा हिस्सा ही सिलिकाच असते. ज्येष्ठ वाचकांना राखुंडी आठवत असेल. तूस जाळून केलेल्या राखेने दात घासायचे, त्याच राखेने पितळेची भांडी लख्ख व्हायची. भांडी घासली जायची ती त्या सिलिकामुळेच.

हिरोशिमाच्या मंडळींनी काय केलं? तूस दळलं. जाळून त्यातला जळणारा भाग घालवला, उरली सिलिकाची पूड. ती भट्टीत तापवून तिच्यातला ऑक्सिजन काढून घेतला, म्हणजे नुसतं सिलिकॉन राहिलं. मग रासायनिक प्रक्रियेने त्याचे कण झिजवत झिजवत तीन नॅनोमीटरवर आणले, आणि ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांच्या अंगावर दुसऱ्या रेणूंचं अस्तर चढवलं. हे कण तांबूस नारिंगी चमकतात. काचेवर थर देऊन, मागे ॲल्युमिनियमचा पातळ पडदा लावून, वीज सोडली, आणि दिवा लागला.

निसर्गाने इथे अर्धं काम आधीच केलेलं असतं. गारगोटीच्या दगडातून सिलिकॉन काढायचं तर विजेची भट्टी दोन हजार अंशांच्या आसपास न्यावी लागते. तुसातली सिलिका मुळातच बारीक आणि सच्छिद्र. मॅग्नेशियम धातूच्या मदतीने हे काम साडेसहाशे अंशांच्या आसपास होतं.

आता हिशेब. शंभर किलो भात गिरणीत घातला तर साधारण वीस किलो तूस निघतं. ते नीट जाळलं तर चार किलो राख. त्यातून सगळं काही सुरळीत झालं तर दीड-पावणेदोन किलो सिलिकॉन. एका दिव्याला त्यातलं कणभरही लागणार नाही. जगात वर्षाला सुमारे दहा कोटी टन तूस निघतं असं म्हणतात. म्हणजे कच्च्या मालाची ददात नाही. माझ्या मते खरी गाठ दुसरीकडे आहे. सिलिकॉन झिजवायला साधारणपणे जे हायड्रोफ्लुओरिक आम्ल वापरतात ते काचसुद्धा खातं. ज्या लॅबमध्ये मी होते तिथे ते आणायलाच बंदी होती. 'कचऱ्यापासून हिरवा दिवा' असा मथळा छापायला सोपा, पण ते आम्ल वापरून झाल्यावर जातं कुठे हे मथळ्यात नसतं. कॅडमियम टाळायचं आणि आम्ल ओढ्यात सोडायचं असं झालं तर जिन्झू नदीची गोष्ट पुन्हा. शिवाय तूस कसंही जाळून चालत नाही. फार तापलं तर राखेतली सिलिका स्फटिक होते आणि तिची धूळ फुप्फुसाला वाईट.

आणि तुसाचा दिवा यापूर्वीही लागलेला आहे बरं का! २००७ साली बिहारच्या पश्चिम चंपारण जिल्ह्यात, तमकुहा नावाच्या गावात, काही तरुणांनी तुसापासून गॅस काढून त्यावर इंजिन चालवलं, जनित्र फिरवलं आणि बांबूच्या खांबांवरून तारा नेऊन घरोघर दिवे लावले. पुढे त्यांची हस्क पॉवर सिस्टिम्स ही कंपनी झाली. तिथे तूस जाळून दिवा लागला, हिरोशिमात तुसाचाच दिवा झाला. शास्त्र म्हणून हिरोशिमाचं काम मोठं. पण ज्या घरात त्या रात्री पहिल्यांदा बल्ब लागला त्या घरातल्या बाईला कुणी विचारलं तर ती तमकुहाच्याच बाजूने बोलेल.

नातू म्हणाला, "पण इथे तर भात पिकत नाही." खरं आहे. इथे ऑलिव्ह आहे. आणि ऑलिव्हचा विषय निघाला की मला आजोबांचा घाणा आठवतो. मुलांनो, कोकणात आपल्या लोकांना 'शनिवार तेली' म्हणत. धंदा तेल गाळायचा आणि शनिवारी घाणा बंद. बैलाच्या डोळ्यांवर झापड, लाकडी घाण्यातून करकर आवाज, खाली तेलाची धार, आणि मागे उरायची पेंड. पेंड गुरांना जायची. गावातले दिवे त्या तेलावर जळायचे. लहानपणी शाळेत कुणी 'तेलीण' म्हणून चिडवलं की मी रडत घरी यायचे. आजोबा एकदाच म्हणाले, "आपण नसतो तर त्यांनी अभ्यास कशाच्या उजेडात केला असता?"

ऑलिव्हचं तेल गाळल्यावर जो चोथा उरतो त्याला इथे गेफेत म्हणतात. तो नुसता पडलेला असतानाही गरम होतो. म्हणूनच मिश्नामध्ये शब्बाथचं अन्न गरम ठेवण्यासाठी ते गेफेतमध्ये पुरून ठेवायला मनाई आहे. या चोथ्यातून आणि बियांतूनही चमकणारे ठिपके निघतात, पण सिलिकॉनचे नव्हे, कार्बनचे. २०२० साली नाबलुसच्या अन-नजाह विद्यापीठातल्या आणि इटलीतल्या संशोधकांनी ऑलिव्हच्या चोथ्यापासून असे कार्बनचे ठिपके केल्याचं प्रसिद्ध झालं. आणि आपल्या बीर शेवाच्या बेन गुरियन विद्यापीठातले प्राध्यापक रज जेलिनेक यांनी तर या कार्बनच्या ठिपक्यांवर अख्खं पुस्तक लिहिलं आहे.

कार्बनचे ठिपके सापडले तेही कचऱ्यातच. २००४ साली अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना विद्यापीठात काही जण काजळीतून दुसराच पदार्थ शुद्ध करत होते, आणि टाकाऊ म्हणून वेगळा निघालेला भाग चमकताना दिसला. २००७ साली पर्ड्यू विद्यापीठात साध्या मेणबत्तीच्या काजळीतूनही असे ठिपके काढले. दिव्यावर धरलेल्या वाटीला जी काजळी धरते, जी आपण बाळाच्या डोळ्यांत घालायचो, तिच्यातून! त्यानंतर तर रीघच लागली. २०१२ साली ओडिशातल्या रूरकेला इथल्या संशोधकांनी संत्र्याच्या रसापासून केले, २०१३ साली तैवानमध्ये संत्र्याच्या सालींपासून, २०१५ साली अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठात शीतपेयापासून आणि उरलेल्या पाव-पोळीपासून, २०१६ साली मद्रास विद्यापीठात उसाच्या चिपाडापासून. कृती साधारण सारखीच. माल बारीक करायचा, पाण्याबरोबर किंवा दुसऱ्या द्रवाबरोबर बंद पोलादी भांड्यात घालायचा आणि दोनशे अंशांच्या आसपास काही तास ठेवायचा. प्रेशर कुकरच म्हणा, फक्त शिट्टी नसलेला. मग गाळून घ्यायचं.

कोल्हापूर-सांगलीकडून आलेली मंडळी इथे लगेच म्हणतील, आमच्याकडे चिपाडाला काय तोटा! खरं, पण साखर कारखान्यात चिपाड कचरा नसतंच. बॉयलर त्याच्यावरच पेटतो, वीजही होते. जे आधीच कुणाच्या तरी चुलीत जातं ते उचलून 'टाकाऊतून टिकाऊ' म्हणणं मला पटत नाही. लाकडाच्या लगद्यातून कागद करताना लिग्निन नावाचा चिकट भाग उरतो, त्याचंही तसंच, बहुतेक सगळा कारखान्यातच जाळतात. म्हणून मला वाटतं, चोथ्याकडे बघताना आधी विचारावं की हा आज कुणाच्या उपयोगी पडतोय का. संत्र्याच्या रसाच्या कारखान्याबाहेरची सालं, ऑलिव्हच्या घाण्याचं काळं पाणी जे ओढे खराब करतं, गिरणीमागचं उघड्यावर पेटवलेलं तूस, हे खरे उमेदवार.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. या ठिपक्यांचे शोधनिबंध हजारोंनी निघाले, पण दुकानातून घरी आणावा असा संत्र्याच्या सालीचा बल्ब मी तरी अजून पाहिला नाही. कारण सालं आज एका बागेची, उद्या दुसऱ्या बागेची. प्रत्येक घाणीला रंग थोडा वेगळा येतो आणि कारखान्याला रोज तोच रंग हवा. बऱ्याचदा उजेडही कमी पडतो. काही वेळा तर असंही आढळलं की चमकत होता तो ठिपका नव्हेच, बरोबर तयार झालेला दुसराच रेणू! तरी एका कामात हे ठिपके आत्ताच हुशार आहेत. पाण्यात लोखंडाचे किंवा पाऱ्याचे अंश असले तर त्यांची चमक मंदावते. म्हणजे उजेड देऊन नाही, तर विझून ते सांगतात की पाणी पिऊ नका. जिन्झूकाठच्या लोकांना असं सांगणारं तेव्हा काही नव्हतं.

हे सगळं ऐकून नातवाने जाहीर केलं की तो घरी तुसाचा दिवा करणार. मी त्याला आम्लाचं समजावलं, पण निदान तूस जाळून राख करू आणि तिने माझी पितळेची समई घासून बघू, एवढ्यावर तडजोड झाली. समई आजीची, इथे येताना साड्यांमध्ये गुंडाळून आणलेली.

आता तूस कुठून आणायचं? मी गावी फोन लावला. गिरणी होती त्या कुटुंबातला मुलगा आता पन्नाशीचा आहे, मला मावशी म्हणतो. मी विचारलं, "अरे, तुसाचं काय करता हल्ली?"

"वीटभट्टीवाले नेतात, मावशी. ट्रकने. पूर्वी फुकट न्यायचे, आता पैसे देतात."

म्हटलं, "मला एक पिशवी पाठवशील?"

तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "पाठवतो की. पण मावशी, पार्सलवर आत काय म्हणून लिहू?"

नातू शेजारीच उभा होता. त्याने हिब्रूत सांगितलं, मी मराठी करून सांगितलं, "लिही, दिव्याचं सामान."